एक शब्द, दहा अर्थ: कोकणातल्या कामाला कोणती इंग्रजी डिक्शनरी चालते?

हापूसच्या लागवडीची इंग्रजी पुस्तिका उघडली की 'स्टोन ग्राफ्टिंग' हा शब्द लवकरच भेटतो. 'स्टोन' म्हणजे दगड आणि 'ग्राफ्ट' म्हणजे लाचखोरी, हे दोन्ही अर्थ डिक्शनरीत आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पुस्तिकेला मात्र कोय कलम म्हणायचं असतं. कोकणात इंग्रजी लागतं ते असं कागदावरचं: कलमांची माहिती, बोटीच्या इंजिनाचं मॅन्युअल, हवामान खात्याचं बुलेटिन, होमस्टेचं बुकिंग, जमिनीचं खरेदीखत, बोटीवर जाणाऱ्या मुलाचा करार. यातले लांबलचक, अवघड शब्द फारसे छळत नाहीत, कारण त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. छळतात ते शाळेत पाठ केलेले: रन, सेट, बँक, बोर्ड, फास्ट, स्टॉक.

म्हणून इथे कसोटी एकच ठेवली आहे. अनेक अर्थांचा साधा शब्द दिला तर हवा तो अर्थ किती लवकर आणि किती खात्रीने सापडतो? ऑक्सफर्ड लर्नर्स, लाँगमन, केंब्रिज आणि मेरियम-वेब्स्टर या चार मोफत वेबसाइट या कसोटीवर घासून पाहिल्या आहेत. जोडीला मराठी प्रतिशब्द देणारी साधनं आहेत. निकाल आधीच सांगतो: रोजच्या वापराला ऑक्सफर्ड लर्नर्स, समुद्र, यंत्र आणि बाग यांच्या शब्दांना मेरियम-वेब्स्टर, पैशाच्या कागदांना लाँगमन. एकीवर भागत नाही, दोन तरी हव्यात.

बहुतेकांची गफलत होते ती अर्थांच्या क्रमात. नोंदीतला पहिला अर्थ हाच खरा किंवा मुख्य, असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक डिक्शनरी हा क्रम वेगळ्या तत्त्वावर लावते. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या आज जास्त वापरात असलेला अर्थ साधारणपणे वर ठेवतात. मेरियम-वेब्स्टर जुना अर्थ आधी आणि नवा नंतर, असा इतिहासाचा क्रम पाळते. 'फास्ट' हे विशेषण पाहा. ऑक्सफर्ड लर्नर्समध्ये सुरुवातीलाच वेगवान हा अर्थ मिळतो. मेरियम-वेब्स्टरमध्ये पक्का रोवलेला, घट्ट हा अर्थ आधी येतो आणि वेग बराच खाली. कापडाचा रंग 'फास्ट' असणं किंवा धक्क्याला लागताना दोर 'मेक फास्ट' करणं या जुन्या अर्थातून आलेलं आहे. तिथे घाई करा असं कोणी सांगत नसतं, दोर पक्का बांधा म्हणतात. आणि 'फास्ट' हे क्रियापद उपवासाचं. नोंद उघडल्यावर आधी नाम, विशेषण की क्रियापद हे न पाहिल्यास एकादशी आणि धक्का यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही.

मोठी डिक्शनरी घेतली म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. ऑक्सफर्डच्या २० खंडांच्या थोरल्या कोशात, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती आणि तिचे अर्थ ४३० च्या घरात सांगितले जातात. पुढच्या सुधारित आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने तिला मागे टाकलं. त्याचे अर्थ ६४५ भरले. अभ्यासकांसाठी हा खजिना आहे. नळ 'रन' होतो, होमस्टे 'रन' करतात, कपड्याचा रंग 'रन' होतो आणि बोट 'रन अग्राउंड' होते म्हणजे वाळूत रुतते, एवढं समजून घ्यायला त्याची वर्गणी भरण्याची गरज नाही.

ऑक्सफर्ड लर्नर्सची जमेची बाजू म्हणजे मांडणी. लांब नोंदीत प्रत्येक अर्थाच्या गटावर छोटं शीर्षक असतं, त्यामुळे 'स्टोन' उघडलं की खडक, रत्न, फळातली कोय, मूतखडा आणि वजनाचं ब्रिटिश माप असे गट नजरेनेच वेगळे पडतात. (माप म्हणजे १४ पौंड, सुमारे ६.३५ किलो, इंग्लंडमधला पाहुणा आपलं वजन 'स्टोन'मध्ये सांगतो तेव्हा हेच.) फळाच्या अर्थाजवळ तो मुख्यतः ब्रिटिश वापर असल्याची खूण आहे आणि अमेरिकन लोक 'पिट' म्हणतात हेही दिलंय. आंबा निर्यातीच्या कागदात 'स्टोन वीव्हिल' दिसलं तर तो कोयीतला किडा, हे इथून दोन पावलांवर. अर्थासमोरच्या 'फॉर्मल', 'लॉ', 'इन्फॉर्मल' अशा खुणा बहुतेक जण वगळून पुढे जातात, आणि तीच चूक. खरेदीखतातलं 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, मोबदला. तिथलं 'एक्झिक्यूट' म्हणजे दस्त करून देणं, फाशी देणं नव्हे. 'मायनर' म्हणजे किरकोळ नव्हे, वयाने अज्ञान. कागद कायद्याचा असेल तर नोंदीत आधी 'लॉ' ही खूण शोधायची, वरचे अर्थ नंतर वाचायचे.

उच्चाराची बटणं हीसुद्धा अर्थाची किल्ली आहे. स्पेलिंग एकच, उच्चार दोन, अर्थ वेगळे, अशा शब्दांच्या ऑक्सफर्ड लर्नर्स स्वतंत्र क्रमांकित नोंदी करते. एकाच स्पेलिंगचा 'बाऊ' म्हणजे बोटीची नाळ, तिचं पुढचं टोक, आणि 'बो' म्हणजे धनुष्य किंवा फितीची गाठ. 'लीड' म्हणजे पुढे नेणं आणि 'लेड' म्हणजे जाळ्याला लावतात ते शिसं. 'विंड' म्हणजे वारा, 'वाइंड' म्हणजे गुंडाळणं. शोधल्यावर पहिली नोंद जुळत नसेल तर बाजूच्या यादीत तोच शब्द २ क्रमांकाने आहे का ते बघावं. फोनवर ही यादी पानाच्या तळाशी जाते आणि नजरेतून सुटते. मोबाइलच्या मांडणीतला हा खरा दोष.

दुसरा दोष असा की एकाच स्पेलिंगची, पण वेगळ्या वाटांनी इंग्रजीत आलेली नामं ती एकाच नोंदीत कोंबते. पैशाची बँक आणि नदीचा काठ एकाखाली एक. वाचणारा दोन्हींत काहीतरी नातं शोधत बसतो. इथे मेरियम-वेब्स्टर सरस. ती वेगळ्या वाटांनी आलेल्या शब्दांना वेगळी नोंद देते, आणि उंचवट्याच्या 'बँक'खाली समुद्रतळावरचा उंचवटा हा अर्थ स्पष्ट नोंदवते. आपल्याकडे हा अर्थ परका नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळांचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. या नावाची बातमी आली की शाखा कुठे उघडली असं विचारणारे निघतातच.

मेरियम-वेब्स्टरचं खरं बळ हे असंच, धंद्यातले अर्थ न गाळण्यात. 'बेअरिंग' घ्या. यंत्राचा भाग, होकायंत्रावरची दिशा, माणसाची ढब आणि फळ धरणं, चारही अर्थ तिथे आहेत. बागेच्या पुस्तिकेतलं 'ऑल्टरनेट बेअरिंग' म्हणजे हापूसची वर्षाआड फळ धरण्याची खोड; आउटबोर्ड इंजिनच्या मॅन्युअलमधलं 'बेअरिंग' ग्रीस मागतं; होकायंत्राचं अंशांत मोजतात. 'स्टॉक'चंही तसंच: साठा, शेअर, गुरंढोरं, सुपाचा रस्सा, आणि ज्यावर कलम बांधतात तो खुंट. कलमाच्या सूचनेत 'स्टॉक' आणि 'सायन' जोडीने आले की पहिला खुंट, दुसरी कलमकाडी. 'सायन'चा दुसरा अर्थ घराण्याचा वंशज, त्यामुळे नुसत्या शब्दाचं भाषांतर केलं तर खुंटावर राजपुत्र बसतो.

मात्र मेरियम-वेब्स्टर अमेरिकन आहे, आणि त्याची किंमत स्पेलिंगमध्ये मोजावी लागते. बोट पाण्यात किती खोल बसते ते सांगणारा शब्द अमेरिकन पद्धतीने 'ड्राफ्ट' या उच्चाराप्रमाणे लिहितात आणि ब्रिटिश पद्धतीने मध्ये 'यू' आणि 'जीएच' घालून. उच्चार जवळपास तोच. त्यामुळे एका स्पेलिंगखाली मसुदा, बँकेचा ड्राफ्ट आणि सैन्यभरती सापडते, पण बोटीचा अर्थ ब्रिटिश डिक्शनरीत दुसऱ्याच स्पेलिंगखाली बसलेला असतो. शब्द आहे पण अर्थ नाही असं वाटलं की दुसरं स्पेलिंग टाकून बघायचं. व्याख्यांची भाषाही जड आहे. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या ठरावीक सोप्या शब्दांतच व्याख्या बसवतात; लाँगमनसाठी ही मर्यादा २००० शब्दांच्या आसपास आहे. मेरियम-वेब्स्टरवर असलं बंधन नाही, म्हणून दहावीच्या मुलाला ती एकटी देऊ नये.

लाँगमनची नोंद दिसायला गजबजलेली, पण दोन कामांत ती पुढे आहे. एक म्हणजे अर्थांवरच्या पाट्या आणि म्हणी-वाक्प्रचारांची जागा. ऑक्सफर्ड वाक्प्रचार नोंदीच्या शेवटी वेगळ्या खणात टाकते. लाँगमन त्यांना क्रमांक देऊन अर्थांच्या रांगेतच बसवते, त्यामुळे वरून खाली वाचत गेलं तरी वाक्प्रचार निसटत नाही. 'वे अँकर' म्हणजे नांगर उचलणं, त्यात वजन करण्याचा संबंध नाही, असे प्रकार इथे लवकर हाती लागतात. दुसरं म्हणजे त्याच पानावर खाली बिझनेस डिक्शनरीची नोंद जोडलेली असते. 'मॅच्युअर' आंब्याचा असतो तसा एफडीचाही असतो. काढणीच्या सूचनेतलं 'मॅच्युअर' म्हणजे पिकलेला नव्हे, झाडावर तयार झालेला, ज्याला आपल्याकडे १४ आणे तयार म्हणतात. पिकलेला तो 'राइप'. एफडीचं 'मॅच्युअर' म्हणजे मुदत भरली.

पैशाच्या आणि मालाच्या कागदात अनेकवचनाचा 'एस' अर्थच बदलून टाकतो, याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'डॅमेजेस' म्हणजे नुकसानभरपाई. 'कस्टम' म्हणजे रूढी, 'कस्टम्स' म्हणजे सीमाशुल्क. 'गुड' चांगलं, 'गुड्स' माल. चारही डिक्शनऱ्या अशा अर्थापाशी अनेकवचनी असल्याची खूण करतात किंवा वेगळी नोंद देतात. 'ग्रॉस' हाही फसवा: पेटीवर तो एकूण वजन सांगतो, मोजणीत तो १२ डझन म्हणजे १४४ नग असतो, आणि जहाजाच्या 'ग्रॉस टनेज'मध्ये वजनाचा काहीच संबंध नाही, ते जहाजाच्या आतल्या जागेच्या आकारमानावरून काढलेलं मोजमाप आहे.

'सँक्शन'बद्दल जास्तीची सावधगिरी हवी, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कर्जाच्या पत्रात तो मंजुरी, जहाजांच्या बातम्यांत निर्बंध. 'ओव्हरसाइट'सुद्धा असाच: देखरेखही आणि नजरचूकही. इथे व्याख्येपेक्षा उदाहरणाची वाक्यं वाचावीत आणि आपल्या कागदातल्या वाक्याशी जुळणारं वाक्य ज्या अर्थाखाली असेल तो अर्थ घ्यावा.

केंब्रिज या चौघांत नवख्यांना सर्वांत सोपी. प्रत्येक मोठ्या अर्थाला एका शब्दाचं ठळक लेबल असतं, आणि साइटवर इंग्रजी-मराठी विभागही आहे. पण तिथे मराठी शब्द बघून थांबू नये. समुद्राचे आणि बागेचे अर्थ शोधायला गेलात तर निराशा होण्याची शक्यता जास्त. शाळेच्या अभ्यासाला चांगली, त्यापलीकडे मर्यादित.

दोन बंद पडलेल्या साइटची नावं अजून जुन्या याद्यांत आणि शिकवण्यांच्या नोट्समध्ये फिरतात: ऑक्सफर्डचा शब्दसंग्रह मोफत देणारी लेक्सिको २०२२ मध्ये बंद झाली, मॅकमिलनची ऑनलाइन डिक्शनरी २०२३ मध्ये. शोधण्यात वेळ घालवू नका.

आता मराठी बाजू. शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि शासन व्यवहार कोश एकत्र शोधता येतात. अनेकार्थी शब्दाला ही सोय मोलाची, कारण एकाच शब्दाचे विषयवार प्रतिशब्द समोर येतात आणि आपला विषय निवडता येतो. 'टेंडर' कार्यालयात निविदा असतो. बाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजातून माणसं किनाऱ्यावर आणणारी छोटी बोट हाही 'टेंडर'च, आणि कोवळं शहाळं 'टेंडर कोकोनट'. पहिल्यासाठी शासकीय कोश उत्तम, पुढच्या दोघांसाठी वर सांगितलेल्या इंग्रजी डिक्शनऱ्याच. शासकीय मराठी कधी कधी मूळ इंग्रजीपेक्षा कठीण वाटते, पण अर्ज भरताना तीच चालते.

जुने अस्सल शब्द हवे असतील तर मोल्सवर्थ. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर तो मोफत शोधता येतो. कोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो, पण युक्ती अशी: नुसत्या शीर्षशब्दात न शोधता पूर्ण मजकुरात शोधायचा पर्याय निवडून इंग्रजी शब्द टाकायचा. मग तो शब्द ज्या ज्या मराठी नोंदींच्या अर्थात आला असेल त्या सगळ्या पुढ्यात येतात. 'टाइड' टाकून बघा, मग वेळ कसा जातो कळत नाही. उलट दिशेचा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा आहे. त्यात इंजिन आणि वीज शोधू नयेत, एवढंच.

जोडशब्दांचा नियम सगळीकडे एकच: आधी अख्खा जोडशब्द शोधा, मग तुकडे. 'स्प्रिंग टाइड' तोडून शोधलं तर वसंतातली भरती तयार होते. ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची उधाणाची भरती, वर्षभर येणारी. 'नीप टाइड' म्हणजे भांगाची, कमी चढउताराची. 'डॉग वॉच' म्हणजे जहाजावरची संध्याकाळी ४ ते ६ आणि ६ ते ८ अशी दोन तासांची पाळी. 'स्पाँजी टिश्यू' म्हणजे हापूसमधला साका, गर आतून बिघडण्याचा दोष. 'फुल बोर्ड' म्हणजे राहणं आणि तिन्ही वेळचं खाणं, 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. आपल्या बुकिंगवाल्यांच्या भाषेत हेच अनुक्रमे एपी आणि एमएपी. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, ईपी म्हणजे नुसती खोली. परदेशी पाहुण्याने 'बोर्ड' विचारला तर पाटी दाखवायची नसते, जेवणाचे दर सांगायचे असतात.

एका ठिकाणी चारही डिक्शनऱ्या अपुऱ्या पडतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. हवामान खात्याच्या बुलेटिनमधले साधे शब्द म्हणजे आकडे असतात. 'हेवी' पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, 'व्हेरी हेवी' २०४.४ पर्यंत, त्यापुढे 'एक्स्ट्रीमली हेवी'. 'आयसोलेटेड' म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'वाइडस्प्रेड' म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. 'डिप्रेशन' म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वाऱ्यांची प्रणाली. ६२ च्या पुढे गेली की चक्रीवादळ. 'ऑफशोर ट्रफ' म्हणजे किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा. ट्रफचा गुरांच्या पाण्याचा हौद हा अर्थ इथे उपयोगाचा नाही. पिवळ्या रंगाचा 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा, लालचा 'वॉर्निंग' म्हणजे कृती करा. डिक्शनरीत या दोन शब्दांमधली ही पायरी मिळणार नाही. यासाठी खात्याची स्वतःची पारिभाषिक यादीच वापरायची.

फोनमधल्या यंत्रभाषांतराला एकटा शब्द कधीच देऊ नये. त्याला संदर्भ नसतो, ते लोकप्रिय अर्थ उचलतं. पूर्ण वाक्य, शक्यतो मागच्या-पुढच्या वाक्यासकट द्यावं. आलेलं मराठी पुन्हा इंग्रजीत उलटवून तपासण्याची पद्धत बरी, पण उधारीच्या शब्दांत ती फसवते: 'बँक'चं मराठी 'बँक', त्याचं परत इंग्रजी 'बँक', म्हणजे चूक असूनही तपासणी पास.

कागदी आवृत्ती घ्यायची तर ऑक्सफर्ड लर्नर्सचीच घ्यावी; मात्र तिचा पातळ कागद पावसाळ्यात ओल धरतो, पानं चिकटतात आणि कडेला बुरशी येते. जूनपासून ती बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. रेंज नसलेल्या वाडीवर किंवा बोटीवर वापरायला ॲप घेत असाल तर पैसे भरण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून 'रन' शोधा. पहिले दोन-तीन अर्थ दाखवून बाकीसाठी ते इंटरनेट मागत असेल, तर ते ॲप घेऊ नका.